वाचील तो विजयी

आमच्या मंद्रूप भागात श्रावण लागला की पोरांत एक वाद हटकून पेटतो. कुडलच्या देवळाकडं लोकांची रीघ लागते. मोटारसायकली, टमटम, चालत जाणारे, सगळे तिकडंच. त्या गर्दीत आपला एखादा कार्यकर्ता दिसला की संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर त्याची हजेरी घेतली जाते. ‘बावीस प्रतिज्ञा म्हणतोस ना? मग त्या लिंगापुढं काय करत होतास?’ एक गट म्हणतो, तिकडं पाऊलच टाकायचं नाही. दुसरा म्हणतो, नदी आहे, जुनं बांधकाम आहे, फिरायला गेलो, त्यात काय एवढं. तिसरा गप्प बसतो, कारण त्याच्या आईनं नवस बोललेला असतो आणि आईला मोडायचं कसं हे त्याला कळत नसतं.

या तिन्ही गटांना मला एकच सांगायचंय. कुडलला जावं. हात जोडायला जाऊ नये, करमणुकीलाही जाऊ नये. वाचायला जावं. असं का म्हणतो, ते नीट सांगतो.

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं की वडकबाळला सीना नदी ओलांडावी लागते. पुढं मंद्रूप. त्याच्या पुढं भीमा, आणि भीमेपलीकडं कर्नाटक. म्हणजे आपलं मंद्रूप दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं. ही बेचकी जिथं मिटते, सीना जिथं भीमेला मिळते, तिथं हत्तरसंग आणि कुडल ही गावं. ‘कूडल’ म्हणजे कानडीत संगमच. आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कानडी, किंवा उलटं. गावाच्या नावातसुद्धा दोन्ही भाषा एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. (बसवण्णांचा कुडलसंगम तो वेगळा. तो खाली बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर. नाव सारखं म्हणून घोटाळा करू नये.)

कुडलला दोन जुनी देवळं आहेत. एक संगमेश्वराचं, दुसरं हरिहरेश्वराचं. दोन्ही काळ्या दगडाची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. हरिहरेश्वराचं देऊळ मातीच्या ढिगाऱ्यात गाडलं गेलं होतं. १९९९ साली सोलापुरातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी माती उपसून ते मोकळं केलं. त्यात एक नवलाचं लिंग निघालं. सुमारे दोन मीटर उंच, साडेचार टनांचं, आणि त्यावर ओळीनं कोरलेली ३५९ छोटी मुखं. स्वतः लिंग धरून ३६०. आता येणारे बहुतेक लोक तेच बघायला येतात. मुखं मोजतात, फोटो काढतात, नारळ फोडतात, जातात.

पण कुडलचं खरं धन ते नव्हे. ते संगमेश्वराच्या देवळात दगडी तुळईवर आहे. तिथं नागरी लिपीत कोरलेल्या थोड्याशा ओळी आहेत. सोलापूरचे शिलालेखांचे संशोधक आनंद नागप्पा कुंभार यांनी तो लेख उजेडात आणला. लेखावर शक ९४० घातला आहे, म्हणजे इसवी सन १०१८. त्या वेळी चालुक्यांच्या गादीवर दुसरा जयसिंह होता. ज्ञानेश्वर जन्माला यायला अजून अडीचशे वर्षं होती. सालासकट कोरलेल्या मराठीच्या अगदी जुन्या लेखांत हा मोडतो. बरेच जाणकार यालाच पहिला मान देतात, तर काही जण अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा शक ९३४ असा वाचून तो सहा वर्षं आधीचा धरतात. तो वाद पंडितांनी खुशाल करावा. आपल्याला त्यात शिरायची गरज नाही.

आपल्याला गरज आहे ती लेखाच्या शेवटाची. सुरुवात संस्कृत वळणाची आहे, साल-संवत्सराची. शेवट मात्र मराठी. आणि त्या शेवटाचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे तो असा: जो हे वाचील तो विजयी होईल.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोनदा विचारून घेतलं. जो पूजा करील तो, असं नाही. जो दान देईल तो, असं नाही. उपास करील, नवस फेडील, प्रदक्षिणा घालील, यातलं काही नाही. वाचील तो. हजार वर्षांपूर्वी देवळाच्या आत, देवाच्या दारात, एका कारागिराच्या छिन्नीनं हे कोरलं आणि ते तसंच राहिलं. अक्षीचा लेख शापानं संपतो. दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी आहे त्यात, तसले दगड ‘गधेगळ’ म्हणून ओळखले जातात. कुडलचा दगड मात्र आशीर्वाद देतो, आणि तो वाचणाऱ्याला देतो.

आता आपण आपला प्रश्न विचारू. १०१८ साली या आशीर्वादाचे धनी कोण होते? लिहिता-वाचता येणारे किती होते आणि कुठल्या घरात होते? शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेला रस ओतावा, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. ही शिक्षा किती जणांना प्रत्यक्ष झाली याचा हिशेब मागण्यात अर्थ नाही. ती लिहून ठेवली होती, हेच पुरेसं होतं. शिकायचा धाक माणसाच्या हाडीमाशी उतरवायला एवढं बास. आणि जो शूद्राच्याही खाली, गावकुसाबाहेर, त्याचं काय? त्याला त्या तुळईखाली उभं राहायलाच मिळायचं नाही. म्हणजे दगड म्हणतो, वाच आणि जिंक. आणि धर्म म्हणतो, तू उंबऱ्याच्या आत येऊ नकोस, आलास तरी अक्षर शिकू नकोस. विजयाची चिठ्ठी आत ठेवली आणि दाराला कुलूप लावलं. आपल्या इतिहासाचा सगळा पेच एवढ्यात येतो.

माझी आजी शंभरीला टेकून गेली. आमच्या भागातल्या एका देवळाची गोष्ट ती सांगायची. नाव घेत नाही, कारण तसली देवळं गावोगाव होती. ती म्हणायची, ‘आरं लेकरा, आमी पायरीच्या खाली नारळ ठिवायचा. फुजारी वरनं पानी शितडायचा आन मग उचलायचा. देव कसला हाय ते आमी कंदी बगितलंच न्हाई. कळस बगायचा, हात जोडायचा, आन मागारी फिरायचं.’ मी तिला विचारलं, मग देवाला मागायची काय? ती म्हणाली, ‘मागायचं काय? पोरं जगू दे म्हनायचं. दुसरं काय मागावं हेच ठावं नव्हतं.’

दुसरं काय मागावं हेच ठाऊक नव्हतं. मित्रांनो, अडाणीपण म्हणजे हे.

मंद्रूपच्या पश्चिमेला, भीमेपलीकडं मंगळवेढं आहे. तिथं चोखामेळ्याचं घर. चोखोबा, त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, पोरगा कर्ममेळा. एका महाराच्या घरात पाच कवी. असं घर त्या काळात दुसरं दाखवा! पण परंपरा सांगते की चोखोबाचे अभंग लिहून घेणारा अनंतभट नावाचा ब्राह्मण होता. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शब्द आपला, दुःख आपलं, आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात. त्या लेखणीतून काय गळलं, काय बदललं, काय मवाळ झालं, हे आता कोण सांगणार? अनंतभटाला मी दोष देत नाही. त्यानं लिहिलं म्हणून निदान तेवढं उरलं. पण ज्या समाजाची लेखणी दुसऱ्याच्या हातात, त्याचा इतिहासही दुसऱ्याच्या मर्जीवर, हे विसरून चालणार नाही.

चोखोबा मेला कसा? शके १२६०, म्हणजे १३३८ साली. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं आणि महारांना त्या कामाला जुंपलं होतं. भिंत कोसळली आणि माणसं गाडली गेली, त्यात चोखोबा गेला. ज्या भिंतीच्या आत त्याला राहायला बंदी, तीच भिंत बांधताना मेला. पुढं नामदेवानं त्याची हाडं पंढरपूरला नेली आणि विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी दिली. समोर. आत नव्हे. त्यानंतर शतकानुशतकं अस्पृश्यांची पंढरीची वारी त्या समाधीपाशी थांबत होती. चोखोबाला भेटायचं, कळसाला हात जोडायचा, परत फिरायचं. माझ्या आजीनं सांगितलं तेच, फक्त देऊळ मोठं.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार उघडलं. त्याच साली मुंबई सरकारचा हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. गुरुजींच्या तळमळीबद्दल शंका नको. पण दार उघडलं म्हणून कुलपाची किल्ली आपल्या हाती आली असं झालं नाही. बडवे आणि उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क कोर्टकज्ज्यांत अडकून राहिले. ते सुप्रीम कोर्टात कायमचे गेले २०१४ साली. म्हणजे चोखोबाच्या मरणानंतर पावणेसातशे वर्षांनी.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या आज्ज्या-पणज्यांनी त्यात लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले. पण १९३४ च्या मार्चमध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं, की आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून हा लढा नव्हता. माणसं जागी व्हावीत, आपली जागा त्यांना कळावी, यासाठी होता. ते काम झालं, आता ताकद राजकारणाकडं आणि शिक्षणाकडं वळवा. त्याच्याही आधी, १९२८ च्या सुमारास, त्र्यंबकला चोखोबाचं देऊळ बांधायचा विचार आपल्याच लोकांत निघाला होता. तेव्हाही बाबासाहेबांचं मत हेच, की अस्पृश्यतेचा कलंक पुसायला झटणं हेच त्या संताचं खरं स्मारक.

आणि हे बोलणाऱ्या माणसानं आधी काय केलं होतं? जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, ४ जानेवारी १९२५ ला. कुठं? मुंबईत नाही, पुण्यात नाही. आपल्या सोलापुरात! कुडलच्या दगडापासून चाळीसेक किलोमीटरवर. हायस्कुलात शिकणाऱ्या पोरांना राहायला जागा, खायला भाकर, अभ्यासाला कंदील. दगडानं १०१८ ला सांगितलं, वाचील तो विजयी होईल. ते आपल्याला लागू व्हायला १९२५ उजाडलं. मध्ये ९०७ वर्षं गेली. या दोन सालांच्या मधलं अंतर म्हणजेच जातिव्यवस्था. तिची दुसरी व्याख्या मला करता येत नाही.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, आपण शाळेत वाचतो, कॉलेजात वाचतो. देवळातला दगड कशाला वाचायचा? त्याचं उत्तर भीमेच्याच काठावर आहे. ही नदी वरून खाली नीट बघा.

वर पुणे जिल्ह्यात कोरेगाव. १ जानेवारी १८१८ ची लढाई. तिथला स्तंभ कंपनी सरकारनं स्वतःच्या मोठेपणासाठी उभारला, आपल्यासाठी नव्हे. पण त्यावर कामी आलेल्या शिपायांची नावं कोरली. ती कुणी तरी वाचली. ४९ नावांत २२ नावं ‘नाक’ शेपटाची. ‘नाक’ म्हणजे महार. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या दगडानं एका समाजाची मान वर केली. दगड शंभर वर्षं तिथंच होता. वाचला तेव्हा बोलला.

त्याच्या खाली पंढरपूर. विठ्ठलाच्या देवळात एक शिलालेख आहे, ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणतात त्याला. लोकांत समजूत अशी, की या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पिढ्यान् पिढ्या भाविकांनी पाठी घासल्या, अक्षरं झिजवली. पुढं अभ्यासकांनी तो वाचला तेव्हा कळलं, की ती शके ११९५ ते ११९९ (१२७३ ते १२७७) या काळातल्या देणग्यांची यादी आहे. देवगिरीच्या रामदेवराव यादवाचं नाव आहे, हेमाद्री पंडिताचं आहे, इतर देणगीदारांची आहेत. म्हणजे देवळाची पावतीवही! भोळी माणसं मोक्ष मिळावा म्हणून पावतीवहीवर पाठ घासत होती. हसू नका त्यांना. ज्याला वाचता येत नाही त्याला अक्षर म्हणजे जादूच वाटते. आणि ती जादू टिकावी असं ज्यांना वाटतं, ते लोक वाचायला शिकवत नाहीत.

त्याच्या खाली आपलं कुडल. त्याच्याही खाली, भीमेच्याच काठी, कर्नाटकात गुलबर्ग्याकडं सन्नती नावाचं गाव. तिथं चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारात कालीचं देऊळ होतं. १९८६ साली त्याचं छत कोसळलं आणि मूर्ती फुटली. मूर्तीखालचा दगड उघडा पडला तेव्हा दिसलं, की त्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. सम्राट अशोकाचे आदेश! अशोकाचा शिलालेख मूर्तीची बैठक म्हणून वापरला होता. माणसं शेकडो वर्षं त्या बैठकीवर तेल-कुंकू वाहत होती आणि खाली अशोक दबून बसला होता. पुढं जवळच कनगनहळ्ळीला बौद्ध स्तूप उकरून निघाला. तिथं राजाची मूर्ती कोरलेली शिळा मिळाली, आणि तिच्यावर ब्राह्मीत नाव आहे, अशोक राजाचं.

एका नदीवरचे हे चार दगड. पुजला, घासला, वर मूर्ती बसवली, तोवर मुका. वाचला की बोलता झाला. म्हणून म्हणतो, जा आणि वाचा.

इथं आपल्याच लोकांना एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. सन्नतीची गोष्ट ऐकली की आपल्यातले काही जण लगेच उठून म्हणतात, बघा, प्रत्येक देऊळ मुळात विहारच होतं. कुडलसुद्धा आपलंच. पंढरपूरही आपलंच. दोस्तांनो, असं बोलून भाषणात टाळ्या मिळतात, इतिहास मिळत नाही. सन्नतीला लेख आहे म्हणून आपण छातीठोक बोलतो. कुडलला जे दिसतं ते चालुक्यांच्या काळातलं शैव-वैष्णव देवालय आहे. तिथं जे आहे तेच सांगायचं. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवताना बाबासाहेब म्हणाले होते, की पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे बुद्धच, आणि हे आपण पुराव्यानिशी लिहून दाखवणार आहोत. ते लिहायला त्यांना आयुष्य पुरलं नाही. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत ते गेले. त्यांच्या वाक्याचा पहिला भाग आपण भिंतीवर रंगवला आणि ‘पुराव्यानिशी लिहून’ हा दुसरा भाग सोडून दिला. तो अभ्यास आपल्यावर बाकी आहे. पुराव्याशिवाय बोललो तर आपल्यात आणि चमत्कार सांगणाऱ्या पोथीत फरक काय उरला?

मागच्या हिवाळ्यात मी आणि दोन मित्र सकाळी लवकर कुडलला गेलो. गर्दी नव्हती. तुळईवर समोरून उजेड मारला तर अक्षर दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. मोबाईलची बॅटरी बाजूनं, तिरपी धरली की अक्षरं सावलीतून उठून येतात. एक जण बॅटरी धरी, एक जण वहीत उतरवी, मी पुटपुटत लावत होतो. आपण आज लिहितो ती नागरी आणि ती नागरी यांत फरक आहे. काही अक्षरं ओळखीची, काही अनोळखी. पण आकडा लागला आणि शेवटचा विजयाचा शब्द लागला, तेव्हा वही धरणाऱ्याचा हात थांबला. तो अण्णाभाऊंच्या जयंतीला जोरात भाषण ठोकणारा पोरगा. बोलला काहीच नाही. एवढ्यात एक म्हातारे बाबा आले. त्यांनी विचारलं, ‘काय बगताय रं पोरांनो, वर काय हाय?’ मी म्हटलं, ‘बाबा, वर लिहिलंय, जो वाचील तो जिंकंल.’ ते थोडा वेळ वर बघत राहिले. म्हणाले, ‘मंग आमचं ऱ्हायलंच की.’ आणि आत गेले.

त्यांची जात कुठली ते मी विचारलं नाही. कुठली का असेना. वाचायचं राहून गेलेले फक्त आपल्या वाड्यात नव्हते. कुणबी, धनगर, कुंभार, कोळी, आणि सगळ्या जातींच्या बाया. हे त्यांना सांगायचं कामही आपलंच आहे.

दगड वाचायला शिकलेला माणूस पुढं कागदही वाचतो. आणि कागदाचा प्रश्न आपल्या पोटाशी आहे. माझ्या आज्ज्याचा अंगठा एका कागदावर आहे. कागद मोडीत. त्याच्यावर काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवलं नाही. ‘हितं अंगठा ठेव’ एवढंच सांगितलं. महार वतनाचा जमिनीचा एक तुकडा होता, तो त्यानंतर आमचा राहिला नाही. घेणाऱ्याचं नाव इथं लिहीत नाही. तुमच्या प्रत्येकाच्या घरात असा एक अंगठा असणार. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाच्या सुधारणेचं बिल मुंबई कौन्सिलात आणलं. वतन कायद्यानं संपलं ते १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतनांच्या कायद्यानं. या कायद्यानं जमीन वतनदाराला नव्या शर्तीवर परत द्यायची होती, आणि ती विकायला कलेक्टरची परवानगी ठेवली होती. हा नियम किती घरांना ठाऊक होता? ज्यांना ठाऊक होता त्यांनी जमिनी राखल्या. ज्यांना नव्हता त्यांच्या जमिनीवर आज दुसऱ्याचा ऊस उभा आहे. वाचील तो विजयी, हे शेताच्या बांधावरही तेवढंच खरं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सत्कार झाले, हारतुरे झाले. अशा वेळी जुन्या शिलालेखांची आठवण सगळ्यांना येते. आपण तेव्हा एवढंच विचारावं, की भाषा हजार वर्षांची आहे हे मान्य. पण त्यातली नऊशे वर्षं ती लिहायला आम्हाला बंदी होती, हे त्या गौरवात कुठल्या पानावर लिहिणार? ते पान दुसरं कोणी लिहिणार नाही. आपणच लिहायचं.

म्हणून काही कामं सुचवतो. भाषण म्हणून नको, काम म्हणून घ्या.

कुडलला जाताना वही, पेन्सिल, फूटपट्टी आणि बॅटरी न्या. अक्षरावर खडू, तेल, पाणी, कुंकू काही लावू नका, नखानं खरवडू नका. एक अक्षर गेलं की पुन्हा येत नाही. जे दिसतं तेच उतरवा. जे दिसत नाही तिथं जागा मोकळी सोडा, मनानं भरू नका. लेख कुठं आहे, किती ओळी, कुठं तुटला, हे शेजारी टिपून ठेवा. फोटो घेताना फूटपट्टी बाजूला धरा.

आपल्या गावातली मारुतीची पार, वेस, बारव, पडका वाडा, शेतातले वीरगळ, सगळं बघा. या जिल्ह्यात कानडी शिलालेख पुष्कळ आहेत, तेव्हा कानडी येणारा एक गडी बरोबर असू द्या.

मोडी शिका. सहा महिने लागतात, जास्त नाही. मग घरातल्या पत्र्याच्या पेटीतले कागद बाहेर काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकला मागा. तो आपला हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे.

आणि म्हाताऱ्या माणसांकडं बसा. कुठल्या देवळात पायरी कुठपर्यंत होती, पाणी कुठल्या आडावर नव्हतं, वेठीला कुठं नेलं, दगड कुणी वाहिले. कुडलच्या देवळाचे दगड कुणाच्या खांद्यावरून आले ते तुळईवर कोरलेलं नाही. राबणाऱ्याचं नाव दगडावर नसतं, ते माणसांच्या तोंडी असतं, आणि ती माणसं आता एकेक करून चालली आहेत. दगड आणखी हजार वर्षं थांबेल. आजी थांबत नाही.

राहिला प्रश्न त्या तिसऱ्या गटाचा, ज्याच्या आईचा नवस आहे. त्याला मी म्हणेन, आईशी भांडू नकोस. तिच्याबरोबर जा. ती आत जाईल तेव्हा तू तुळईखाली थांब. बाहेर आली की तिला वर बघायला सांग आणि ती ओळ मोठ्यानं वाचून दाखव. तिच्या आईनं, आजीनं पायरीखालून कळस बघितला. हिला निदान अक्षर दिसू दे. मग नवसाचं काय करायचं ते तिचं ती ठरवील.

येत्या १ जानेवारीला ज्यांना कोरेगावला जायला जमणार नाही त्यांनी सकाळी मंद्रूपच्या स्टँडवर यावं. इथून कुडलला जाऊ. हार आणू नका. वही आणा.

जयभीम!